लेन्सच्या डबीतलं हळदी-कुंकू

माझ्या मुलीच्या कॉन्टॅक्ट लेन्सच्या डबीत हळद आणि कुंकू मीच भरलं. पूर्ण शुद्धीत होतो.

आमच्या वैशालीला चष्म्याविना फक्त स्वतःचं नाक दिसायचं, आणि खेळायची काय, तर कबड्डी! चष्मा लावून चढाई कशी करणार? म्हणून शिरूरच्या आमच्या चष्मेवाल्या काकांनी लेन्स सुचवल्या.

"वर्षाच्या देऊ का महिन्याच्या?"

"महिन्याच्याच द्या!" मी रुबाबात म्हणालो. (एसटीचा पासही मी महिन्याचाच काढतो.)

"महिना झाला की फेकायच्या. रोज ताजं सोल्युशन. नळाचं पाणी अजिबात न्हाई. आन् झोपताना काढायच्या म्हंजी काढायच्या!"

वैशालीनं वहीत लिहून घेतलं. मी नुसती मान हलवली.

त्या संक्रांतीत घरी हळदी-कुंकू होतं, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी दौंडला जिल्ह्याच्या संघाची निवड. वैशाली लेन्स घालून सरावाला गेलेली. बाहेरच्या खोलीत पंधरा बायका, आणि आमच्या हिचे हात तिळगुळात.

"अहो, कोयरी सापडंना! कशात तरी हळद-कुंकू घालून द्या की!"

खिडकीत एक पांढरी डबी पालथी वाळत होती. दोन कप्पे, दोन झाकणं! कारखानदारानं बायकांचा केवढा विचार केलाय, या कल्पनेनं मी गहिवरलोच. बाहेरून आवाज आला, "कुठनं आणली गं? लई सोयीची हाय!"

संध्याकाळी वैशाली लेन्स काढायला बसली आणि किंचाळली.

"आप्पा! हे काय?"

"धुऊन देतो की घासणीनं!"

"ह्यात ठेवलेली लेन्स उद्या डोळ्यात घालू? राहू द्या. सोल्युशनच्या बाटलीसंगं आलेली नवी डबी कुठाय?"

मी खिसा चाचपला. नवी डबी होती. एका कप्प्यात तंबाखू, दुसऱ्यात चुना.

तिचा चेहरा पडला. "घालून झोपले तर सकाळी डोळे लाल. काढल्या तर ठेवू कशात? मी उद्या खेळू कशी, आप्पा?"

डाव्या पायात उजवी चप्पल घालून मी पळालो. काका शटर ओढत होते. सगळं ऐकून ते पायरीवर बसले आणि पोट धरून हसले. मग आतून नवी डबी काढली. "ही तुमच्या हातात देत न्हाई. मीच येतो!"

आणि खरंच आले. वैशालीनं लेन्स चोळून डबीत ठेवेपर्यंत थांबले, तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले. ना नात्याचे, ना गोत्याचे! आजही त्या दुकानावरून जाताना माझे हात आपोआप जोडले जातात.

दौंडच्या मैदानावर मी घसा फुटेस्तोवर ओरडलो. पण पोरगी दोनदा पकडली गेली, एकदा तर आपणहून रेषेबाहेर! सगळं माझ्या हळदीचं पाप! आणि तरी संघात पहिलं नाव पुकारलं ते वैशालीचं! मी धावत जाऊन निवड करणाऱ्या सरांचे पाय धरले. "साहेब, इतकं वाईट खेळूनबी घेतलीत! लई उपकार झाले!"

सरांनी पाय सोडवून घेतले आणि यादीतलं नाव पुन्हा तपासलं.

बायकोनं मला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि दात आवळून म्हणाली, "उद्या काकांकडं जाऊन आधी तुमचे डोळे तपासा. सकाळधरनं ज्या पोरीला टाळ्या वाजवताय ना, ती इंदापूरची हाय!"