भोंग्यावर वाजलेली सात गाणी

माझ्या डाव्या कानाने मला ऐकू येत नाही. चौथीत असताना कान फुटला, महिनाभर वाहत राहिला, आणि मोठ्या डॉक्टरांकडे पोचेपर्यंत जे जायचं ते गेलं. घरात त्याचं कोणी फार अवडंबर केलं नाही. बाबा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत होते, त्यांच्या निम्म्या सोबत्यांना हातोड्यांच्या आवाजामुळे कमी ऐकू यायचं. "एक तर आहे ना चांगला," एवढंच ते म्हणाले. जेवायला बसताना सगळे आपोआप माझ्या उजव्या बाजूला बसू लागले.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. इंजिनिअरिंगला असताना त्याचा एक बँड होता. समता कॉलोनीत एका दवाखान्याच्या वरची खोली त्यांना रविवारी मिळायची, कारण त्या दिवशी खाली पेशंट नसत. दादा गिटार वाजवायचा, एक जण बास, एक ड्रम, आणि चौथा गायचा. त्यांची गाणी मला आवडायची. लग्नात वाजतात तसली ती नव्हती. बराच वेळ गिटार हळू, कुरकुरल्यासारखी चालायची आणि मग अचानक चौघे मिळून असे कोसळायचे की दवाखान्याच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. मी दाराला टेकून, उजवा कान आत करून बसायची.

सात गाण्यांची गिटार, बास आणि ड्रम रेकॉर्ड झाले. गळा तेवढा राहिला होता. तेवढ्यात गाणाऱ्याला पुण्यात नोकरी लागली आणि तो गेला तो गेलाच. बँड तिथेच संपला. त्या दिवसांत मी एकदा दादाला म्हटलं, "मले शिकव ना मिक्सिंग. तुमची गाणी मी पुरी करते."

"मिक्सिंगले दोन कान लागतात," तो म्हणाला.

टोचून नव्हता बोलला. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि तेव्हा मलाही.

पुढे दादा सरकारी इंजिनिअर झाला आणि गिटार कपाटावर चढली. मी शहराच्या टोकाला, भनपुरीत, एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात लागले. मालाच्या बिल्ट्या म्हणजे पावत्या करायच्या, ड्रायव्हरच्या हाती द्यायच्या, फोन घ्यायचे. ऑफिसला लागूनच धरमकाटा होता, म्हणजे भरलेले ट्रक तोलायचा मोठा काटा. काचेच्या केबिनमध्ये बसून तो काटा चालवायची एक बाई, माझ्याच वयाची, जवळच्याच मोहल्ल्यात, तिच्या भाषेत पाऱ्यात, राहणारी, छत्तीसगढी. मी तिला दीदी म्हणायची आणि तीही मला दीदीच म्हणायची.

दिवसभर ती माईकवरून ट्रकचे नंबर आणि वजनं पुकारायची. विजेच्या खांबावर बांधलेल्या भोंग्यातून तिचा आवाज सगळ्या आवारात पसरायचा. नुसतं पुकारणं तिला कधी जमलंच नाही. आकड्यांना ताल लावायची, मधेच एखाद्या ड्रायव्हरच्या नावाला यमक जुळवायची. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून हसायचे. ती रॅप करते हे मला नंतर कळलं. वही भरून लिहिलेलं होतं तिने.

"दीदी, आप दिनभर एक कान में हेडफोन लगा के बैठती हो," ती एकदा म्हणाली. "मेरे लिए बीट बना दो ना. नेट वाली बीट पे मैं सबके जैसी लगती हूँ."

तोवर मी घरी, दादाच्या जुन्या कॉम्प्युटरवर, व्हिडिओ बघून बघून थोडं शिकले होते. कोणाला सांगितलं नव्हतं. तिला हो म्हणून बसले.

रेकॉर्डिंगला शांत जागा मिळेना. शेवटी कंपनीचा एक ट्रक दुरुस्तीसाठी उभा होता, त्याच्या केबिनमध्ये जेवणाच्या सुट्टीत आम्ही चढलो. जाड गाद्या, छताला रेक्झिन, काचा वर. आत आवाज अगदी कोरडा आणि स्वच्छ येत होता. घामाने आम्ही दोघी निथळत होतो. ती माईक धरून म्हणायला लागली:

"भरी गाड़ी, खाली गाड़ी, बीच का जो फर्क है,
वही मेरा माल है भैया, वही मेरा तर्क है."

माझ्या अंगावर काटा आला. आठवड्यात तिने सात तुकडे दिले.

मी बनवलेल्या बीट मात्र भिकार होत्या. तिच्या आवाजाखाली त्या प्लास्टिकच्या वाटायच्या. एका रविवारी जुन्या फायली चाळताना मला दादाच्या बँडचं फोल्डर सापडलं. गळा नसलेली सात गाणी. सहज म्हणून तिचा आवाज पहिल्या गाण्यावर ठेवून पाहिला.

काहीच जुळलं नाही. ती धावत होती आणि ड्रम रमतगमत चालले होते. ड्रमचा वेग वाढवला तर गिटार किरकिरली, तिचा वेग कमी केला तर ती पेंगल्यासारखी वाटली. मग मी तिला ड्रमच्या दुप्पट चालीत बसवलं, आणि एका कडव्यापुरतं दोघं असे चिकटले की मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

पुढचे तीन महिने त्यातच गेले. सगळ्यात जास्त भांडण गिटार आणि तिच्या शब्दांचं. दोघं स्वराच्या एकाच उंचीवर यायचे आणि गिटार तिचे शब्द खायची. व्हिडिओतले लोक सांगायचे, गिटार डावीकडे सरकवा, आवाज मधे ठेवा. माझ्याकरता डावीकडे म्हणजे गायबच. त्यामुळे मला सगळं एकाच जागी ठेवणं भाग होतं, आणि एका जागी दोघं मावायचे तर एकाने सरकायलाच हवं. जिथे तिचा शब्द यायचा तिथे मी गिटारचा नेमका तेवढाच भाग खाली करायची. ती श्वास घ्यायची तिथे गिटार पूर्ण उघडायची. ओळीओळीने, अक्षराअक्षराने. आई दारातून विचारायची, "एकच गोष्ट किती वेळा ऐकून राहिली तू?"

सातही झाली तेव्हा मी आधी तिला ऐकवली, तिच्या काट्याच्या केबिनमध्येच. पहिल्या गाण्यातल्या त्या कोसळण्याला ती दचकली.

"ये गुस्सा किसका है?" तिने विचारलं.

"मेरे भैया का. बीस-इक्कीस साल के थे तब का."

"बढ़िया गुस्सा है. लेकिन दीदी, भैया को बताया?"

मी मान हलवली. नाही.

"हव," ती मान डोलावत म्हणाली. "मतलब फँसोगी."

त्या डिसेंबरात एका दुपारी काट्याचा कॉम्प्युटर अडकला. मेकॅनिक येईपर्यंत तोलणं बंद, आणि ट्रकची रांग पार रस्त्यापर्यंत. ड्रायव्हर वैतागले, हॉर्न सुरू झाले. मी ऑफिसातून बाहेर आले तर दीदीने माईकची वायर काढून तिथे फोन जोडला होता. भोंग्यातून पहिलं गाणं सुरू झालं.

मी केबिनकडे धावणार, तोच फाटकातून दादाची मोटारसायकल आत आली. मावशीकडे साखरपुड्याला जायचं होतं म्हणून तो मला घ्यायला आला होता. हे मी साफ विसरले होते.

त्याने गाडी बंद केली पण उतरला नाही. हेल्मेट घालूनच बसून राहिला. भोंगा म्हणजे एकच तोंड, त्यातून डावं-उजवं काही वेगळं निघत नाही, आणि मी तर सगळं एकाच जागी बांधलं होतं. एक अक्षर हरवलं नाही. गाणं कोसळलं तेव्हा एका ड्रायव्हरने ड्रमच्या ठोक्यावर हॉर्न दिला, मग दुसऱ्याने, मग रांगेतल्या दहा-बारा जणांनी. एक पांढऱ्या मिशांचा ड्रायव्हर खाली उतरून ट्रकच्या फळीवर तळहाताने ताल धरू लागला. "अपनी काँटे वाली है रे!" कोणीतरी ओरडलं, आणि शिट्ट्या पडल्या.

दादाने हेल्मेट काढलं. मी त्याच्याजवळ गेले.

"हे आपले ड्रम होत," तो म्हणाला.

"हो."

"काहून नाही सांगितलं मले?"

"तू नाही म्हटलं असतं."

"म्हटलंच असतं." तो भोंग्याकडे बघत राहिला. दुसरं गाणं संपून तिसरं सुरू झालं. "इथे मी चुकलो होतो. ती चूक तशीच ठेवली तू?"

"मले तीच सगळ्यात चांगली वाटली. तिचा शब्द तिथे अडखळते, तू पण अडखळते."

तो हसला, पण डोळे भरले होते. सातही गाणी संपेपर्यंत तो तिथून हलला नाही. मेकॅनिक येऊन गेला, काटा सुरू झाला, तरी ड्रायव्हर "और बजाओ" म्हणत होते. साखरपुड्याला आम्ही अंगठ्या घालून झाल्यावर पोचलो.

परतीच्या वाटेत, मी गाडीवर मागे बसलेली असताना, तो म्हणाला, "एका कानाने केलं तू हे."

"हो ना."

"मी चुकीचं बोललो होतो तुले." एवढंच. मी त्याच्या पाठीवर एक बुक्की मारली आणि मग घर येईपर्यंत मोठ्यामोठ्याने हसत राहिले.

दादा आणि दीदी यांचं मात्र लगेच काही जमलं नाही. तो तिच्या रॅपला बडबड म्हणायचा, ती त्याच्या गिटारला जनरेटर. दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायचे. पण दादाने ड्रमवाल्याला आणि बासवाल्याला फोन केले, दोघं ऐकून एकदमच बोलत सुटले. त्यांच्या परवानगीने आम्ही अल्बम नेटवर टाकला. पुण्याच्या गाणाऱ्याचाही मेसेज आला. त्याने लिहिलं होतं की त्याने म्हटली असती त्याहून हिनेच ही गाणी बरी म्हटली.

मग तेलीबांध्याच्या तलावाकाठी रविवारच्या संध्याकाळच्या एका कार्यक्रमात आम्हाला बोलावणं आलं. तीन गाण्यांचा वेळ. दादाने गिटारला नव्या तारा लावल्या, ड्रम आणि बास माझ्या लॅपटॉपमधून, आणि दीदी माईकवर, काट्यावर घालायची तीच निळी साडी नेसून. समोर फिरायला आलेली कुटुंबं, कॉलेजची पोरंपोरी, फुगेवाले. पुढच्या रांगेत आई, आणि मागे उभे असलेले भनपुरीचे पंधरा-वीस ड्रायव्हर.

पहिल्या गाण्यात लोक नुसते बघत होते. दुसऱ्यात उभे राहिले. तिसऱ्यात "भरी गाड़ी" म्हटलं की समोरून "खाली गाड़ी" येऊ लागलं, आणि शेवटच्या कोसळण्यात तर मला लॅपटॉपचा आवाजच ऐकू येईना, एवढा माणसांचा आवाज होता. आई ठेक्याबाहेर टाळ्या वाजवत होती आणि शेजारणीला सांगत होती, "दोघंही माझेच, दोघंही."

"एक और! एक और!" लोक थांबेनात. संयोजकाने बोट वर करून एकाची परवानगी दिली. पण आमची तालीम तीनचीच झाली होती.

दीदीने माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले, आणि माईकवर तलावाबद्दल म्हणायला लागली. लिहिलेलं नव्हतं, तिथल्या तिथे. समोरचे फुगे, पुढचा गुबगुबीत पोलीस, माझ्या आईची टाळी, सगळं यमकात. दादाने दोन ओळी नुसत्या ऐकल्या. मग पहिल्यांदा, मी मधे नसताना, तो तिच्याकडे वळला आणि तिच्या श्वासाच्या जागी गिटार हळूच घुसवली. तिने न थांबता मान डोलावली. मी घाईघाईने दुसऱ्या गाण्यातल्या ड्रमचा एक तुकडा कापला, गोल फिरता केला, आणि दोघांच्या खाली सोडून दिला. तो बरोबर बसला. मागून ड्रायव्हर मंडळींनी तोंडाने हॉर्न वाजवायला सुरुवात केली, आणि आम्ही आमचं आठवं गाणं करत होतो.