जाणाऱ्यामागे पाणी

बेसे या नावाचा अर्थ 'पुरे'. तिच्या डोंगरातल्या कुर्दी गावात मुलीमागून मुलगीच होत राहिली की वैतागून हे नाव ठेवायचे. आपल्याकडच्या नकुशीची ही सख्खी बहीणच. गंमत म्हणजे बेसेच्या पाठीवर आणखी दोन मुली झाल्या. आपण पुरे म्हटलं म्हणून देव ऐकतोच असं नाही, हे तिला पाळण्यातच कळलं असणार. तरीही काही गोष्टी करायच्याच असतात, यावरचा तिचा विश्वास कधी उडाला नाही. त्यातली पहिली म्हणजे घरातून कुणी लांब निघालं की त्याच्या मागे वाडगाभर पाणी ओतायचं. पाण्यासारखा जा, पाण्यासारखा ये. जाणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही आणि ओतणाऱ्याने तो कोपऱ्यावर वळेपर्यंत जागचं हलायचं नाही.

सरकारला खुपणाऱ्या कुर्दी वसंताच्या सणाला शेकोटीभोवती नाचला म्हणून तिच्या नवऱ्याला, हिदरला, शिपायांनी उचलून नेलं होतं. परत आला तेव्हा त्याची दोन बोटं सरळ होत नव्हती. मग दोघं जपानला आली. हिदरचा चुलतभाऊ आधीच तिथे होता आणि तिकडे जायला आगाऊ व्हिसा लागत नव्हता, इतकं साधं कारण. निघताना बेसेच्या आईने तांब्याच्या वाडग्यातून पाणी ओतलं आणि ओला वाडगा तसाच मोटारीच्या खिडकीतून तिच्या मांडीवर टाकला. म्हणाली, "माझं ओतून झालं. आता तुझी पाळी."

तोक्योशेजारच्या कावागुचीला त्यांचं बस्तान बसलं. मुलगी झाली, बेर्फिन. आश्रय मात्र मिळाला नाही. एकदा अर्ज फेटाळला, दुसऱ्यांदा फेटाळला, तिसरा टांगून ठेवला, आणि तिघांना दिली ती तात्पुरती सुटका. सुटका कोठडीतून. म्हणजे बाहेर राहा, पण काम करू नका. आजारी पडलात तर सगळा खर्च तुमचा. आणि परवानगीशिवाय नदी ओलांडून तोक्योत पाऊल टाकू नका. काम करायचं नाही हा कायदा भुकेला कुणी वाचून दाखवला नव्हता, म्हणून हिदर जुनी घरं पाडायच्या कामावर गुपचूप जायचा. आणि ठरलेल्या तारखेला समुद्राकाठच्या, स्थलांतर खात्याच्या मोठ्या कचेरीत हजेरी द्यायची. समोरच्या खिडकीतून कागदावर शिक्का मारून मिळाला तर पुढच्या तारखेपर्यंत घर आपलं. बाजूच्या खोलीत बोलावलं तर त्या दारातून माणूस परत येत नाही, थेट कोठडी. किती दिवस, तेही कुणी सांगत नाही. तात्पुरतं म्हणता म्हणता बेर्फिन सहावीत गेली.

म्हणून हजेरीच्या दिवशी बेसे पाणी ओतल्याशिवाय राहत नसे. त्यांची खोली वरच्या मजल्यावर, बाहेरून लोखंडी जिना. हिदर गल्लीत उतरला की ती कठड्यावरून त्याच्या मागे वाडगा रिकामा करी. तो कोपऱ्यावरच्या, नाणं टाकून पेय देणाऱ्या यंत्रापाशी वळेपर्यंत उभी राही. आणि खालच्या मजल्यावर, नेमकी त्या कठड्याखाली, मुरोईबाईंची गादी वाळत असे.

मुरोईबाई एकट्या. नवरा लोखंड ओतायच्या कारखान्यात होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. ऊन पडलं की गादी बाहेर, हा त्यांचा नेम चुकत नसे. पाणी एकदा गादीवर पडलं, मग दुसऱ्यांदा पडलं. बाई भांडल्या नाहीत. तिथे तसं तोंडावर भांडत नाहीत, आणि मला विचाराल तर तेच जास्त जाचतं. भांडण झालं असतं तर त्याच दिवशी निकालात निघालं असतं. हजेरीच्या आदल्या दिवशी घराचा दलाल आला, दारात कमरेत वाकला आणि अतिशय मऊ आवाजात म्हणाला की वरून पाणी पडतं अशी तक्रार आहे, पुन्हा आली तर भाडेकरार पुढे वाढवता येणार नाही. घर गेलं म्हणजे पत्ता गेला, आणि कचेरीत दिलेला पत्ता गेला म्हणजे सुटका गेली. बेसेला हे दलालाने सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती वाडगा भरून कठड्याशी आली. खाली गादी होती. हिदर बूट घालत होता.

"राहू दे या वेळी," तो म्हणाला.

"थोडंसं ओतते. जिन्यावर."

"जिन्यावरूनही खालीच जातं. बेसे, पाणी नाही पडलं म्हणून मी वाळून जात नाही. संध्याकाळी दह्याचं सूप कर."

तो गेला. वळून बघायचं नाही हा नियम मात्र त्याने पाळला. ती भरलेला वाडगा धरून उभी राहिली आणि तो दिसेनासा झाल्यावर पाणी परत घागरीत ओतलं.

सूप झालं, निवालं. दुपार कलली तसा तिने फोन लावला, तो बंद लागला. शेवटी वकिलाचा फोन आला. हिदरला बाजूच्या खोलीत बोलावलं होतं. कारण विचारलं तर 'एकंदर विचार करून' एवढंच उत्तर मिळालं होतं.

पाण्यामुळे असं काही होत नसतं, हे बेसेला कळत होतं. ती खुळी नव्हती. पण कळून राग थांबत नाही. ती रिकामा वाडगा घेऊन ताडताड जिना उतरली आणि मुरोईबाईंचं दार ठोठावलं. बाईंनी दार उघडलं. बेसेचं जपानी बाजारापुरतं. रागात तेवढंही उरलं नाही.

"तुमची गादी, कोरडी," ती म्हणाली. "माझा नवरा, आत. छान झालं. आता शांत झोपा." पुढचं सगळं कुर्दीत सुटलं, आणि ते इथे लिहिण्याजोगं नाही.

मागून बेर्फिन धावत आली. आईचा दंड धरून तिने जपानीत समजावलं की बाबांना कचेरीने ठेवून घेतलं आहे, माणूस सुखरूप परत यावा म्हणून आमच्यात मागे पाणी ओततात, आज सकाळी तुमच्या तक्रारीमुळे आईने ओतलं नाही, म्हणून ती दुःखात आहे.

मुरोईबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझी आई बरंच बोलली. तू थोडंच सांगितलंस."

बेर्फिनने आईचा दंड सोडला.

"मला वाटायचं, तुझी आई बाबांशी भांडते," बाई हळूच म्हणाल्या. "आमच्यात नकोसा पाहुणा गेला की मागे मीठ फेकतात, परत येऊ नये म्हणून. वाटायचं, केवढा राग हा, दर वेळी पाणी फेकते. आणि तो बिचारा मागे वळूनसुद्धा बघत नाही."

हे बेर्फिनने आईला जसंच्या तसं सांगितलं. बेसेला हसू आलं असतं, पण तो दिवस हसायचा नव्हता. मुरोईबाई कमरेतून वाकल्या, खूप वेळ तशाच राहिल्या, आणि दार लागलं. माफी मागितली की विषय संपवला, हे बेसेला कळलं नाही. ती तशीच वर गेली.

हिदरला दुसऱ्या प्रांतात हलवलं. त्याला भेटायचं तर हद्द ओलांडायची, म्हणजे त्याच कचेरीची परवानगी काढायची. काचेपलीकडे तो दर वेळी अंगाने कमी दिसायचा. जेवण पोटात राहत नाही म्हणायचा. मग चेष्टा करायचा, की इथे बिनभाड्याचं घर आहे, शेजाऱ्यांची तक्रार नाही. बेसे काचेवर तळहात टेकवायची आणि घरी येऊन बेर्फिनला ओरडायची, कारण दुसरं कोण होतं ओरडायला.

आणि आता तिची स्वतःची हजेरी आली.

हिदर बाहेर होता तोवर तिची हजेरी म्हणजे एक दिवसाचा खोळंबा होता. आता तशी राहिली नव्हती. एका घरातला एक घेतला की दुसऱ्याला सोडतात असं कुणी म्हणे. दोघांनाही उचललं, अशी घरंही सगळ्यांना ठाऊक होती. मग पोरीचं काय? आदल्या दिवशी बेसेने पिशवी भरली, तीत दातांचा ब्रश, तिच्या घशाच्या गाठीवर घ्यायच्या गोळ्या, लोकरीचे मोजे. ती आली नाही तर बेर्फिनने चुलतकाकांकडे जायचं. भरडलेला गहू कसा शिजवायचा, गॅसची कळ कुठे, हे दाखवून झालं. बेर्फिन सगळं ऐकून घेत होती आणि एकाही गोष्टीला हो म्हणत नव्हती.

"मी शाळेत उशिरा जाते," दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली. "पाणी मी ओतते."

"नाही."

"आई, थोडंसं."

"दलाल काय म्हणाला ते ऐकलंस ना? मी आत गेले आणि घरही गेलं तर तू कुठे? पाणी नको. शाळेत जा."

हट्ट करणारी पोर नव्हती ती. दप्तर उचलून गेली, पण जाताना आईकडे बघितलं नाही. बेसेने वाडगा फडताळात पालथा घातला, कुलूप लावलं आणि जिना उतरली. मागे कुणीच नव्हतं. आईने सोपवलेली पाळी आणि ती घ्यायला माणूस नाही. मुरोईबाईंच्या खिडकीवरून ती मान खाली घालून पुढे गेली. गादी नेहमीच्या जागी होती.

चार पावलं गेली असेल. मागे खिडकी सरकल्याचा आवाज झाला, आणि मग पाणी पडलं. वाडगाभर नव्हे, चांगली बादलीभर. डांबरावर आपटून तिच्या घोट्यापर्यंत उडालं, सलवारीची कड भिजली.

"जाऊन या," मागून आवाज आला.

घरातून बाहेर पडणाऱ्याला तिथे असंच म्हणतात, रोज, सवयीने. इतक्या वर्षांत तिला ते घराबाहेरच्या कुणी म्हटलं नव्हतं. तिची मान वळायलाच आली होती. पण वळून बघायचं नसतं. डोळे भरले तशीच ती यंत्रापर्यंत गेली आणि वळली.

कचेरीत खुर्च्या भरलेल्या होत्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. नंबर पुकारला की सगळे एकदम आपापला कागद बघत. बाजूच्या खोलीचं दार मिटलेलं होतं आणि त्याच्याशेजारी गणवेशातला माणूस उभा होता. गारव्याच्या यंत्राचा वारा नेमका पायावर येत होता, ओली कड घोट्याला चिकटली होती. बेसेने मनाशी पैज लावली, ही कड वाळायच्या आत बोलावलं तर मी घरी जाणार. मग दर थोड्या वेळाने वाकून चाचपायची. ओली आहे. ओलसर आहे. तिच्यानंतर आलेली फिलिपिनो बाई शिक्का घेऊन गेली. एक म्हातारा बाजूच्या खोलीत गेला. त्याची छत्री खुर्चीला तशीच लटकत राहिली. कड वाळली. बेसेने पुन्हा चाचपली, खडखडीत.

तेवढ्यात तिचं नाव आलं. खिडकीतल्या तरुणाने कागद बघितला, उठला, आत गेला. परत आला तो दुसऱ्या, वयस्क माणसाला घेऊन. त्याने विचारलं, घरी कोण आहे. मुलगी, ती म्हणाली. आता तिच्याजवळ कोण? शाळेत आहे. आणि शाळेतून आल्यावर? हा प्रश्न दयेचा की आत घेण्याआधीचा, ते त्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. गणवेशातल्या माणसाने पायाचा भार बदलला, आणि तिला वाटलं, झालं.

"खाली शेजारीण आहे," ती म्हणाली. तोंडातून निघून गेलं. "ती बघते."

वयस्क माणसाने कागदावर काहीतरी लिहिलं. मग त्याने तरुणाला मान हलवून खूण केली. शिक्का पडला. पुढची तारीख मिळाली.

ती गल्लीत शिरली तेव्हा ऊन उतरलं होतं. मुरोईबाईंच्या खिडकीबाहेर गादी होती आणि ती मधोमध पार भिजलेली होती. बादली खिडकीतून ओतायची म्हणजे हात लांबवायला हवेत. बाईंच्या हातात तेवढं बळ कुठलं. अर्धं पाणी रस्त्यावर गेलं होतं आणि अर्धं त्यांच्याच गादीवर. जिन्याच्या पायरीवर बेर्फिन बसली होती, दप्तर पाठीवर तसंच. तिने आईला पाहिलं आणि गुडघ्यांत तोंड घातलं. तिच्या शेजारी मुरोईबाई उभ्या होत्या. आजची हजेरी त्यांना कुणी सांगितली, हे बेसेने विचारलं नाही.

"आलात," बाई म्हणाल्या.

"आले," बेसे म्हणाली. मग गादीकडे बोट दाखवून, "ओली."

"वाळेल." बाई दोन्ही हात एकमेकांत धरून उभ्या राहिल्या. काहीतरी विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. शेवटी बेर्फिनकडे वळून त्यांनी हळूच विचारलं आणि बेर्फिनने मान वर करून ते आईला सांगितलं, या वेळी एकही शब्द कमी न करता.

"त्या म्हणतात, बाबांना जाऊन दिवस झाले. त्यांच्यामागे आता ओतलं तर चालतं का? की उशीर झाला?"

बेसेच्या गावात हे कुणी कधी कुणाला विचारलं नव्हतं. ती वर गेली, फडताळातला वाडगा सरळ केला, काठोकाठ भरला आणि एक थेंबही न सांडता जिना उतरून मुरोईबाईंच्या हातात दिला.

बाईंनी तो दोन्ही हातांनी धरला. "तो कुठल्या बाजूने गेला होता?" त्यांनी विचारलं.

बेसेने यंत्राच्या बाजूला हात केला.