करीमभाईंचा गप्प रविवार

हडपसर गावठाणातल्या बांगड्यांच्या दुकानावर पाटी नवऱ्याच्या 'मणियार' या आडनावाची असली, तरी दुकान चालवायची सुरय्या. तिचे यजमान करीमभाई पोटापाण्यासाठी माइकवर बोलत. लग्नपत्रिकेत त्यांचा उल्लेख 'निवेदक' असा असे. मांडवात शिरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं नाव घेऊन स्वागत करायचं, तो कुठल्या गावचा, कुणाचा व्याही, कधीचा सरपंच हे मानासकट सांगायचं, हे त्यांचं काम. शहराच्या हद्दीत गेलेल्या या गावांतून लग्नात आपलं नाव पुकारलं नाही म्हणून न जेवता परत गेलेले पाहुणे आहेत, आणि त्यावरून वर्षानुवर्षं अबोला धरलेली घरं आहेत.

करीमभाईंच्या हातून नाव कधी सुटलं नव्हतं. त्यांचे वडील शमशुद्दीन पेटी घेऊन मांजरी, फुरसुंगी, वाघोलीपर्यंत बांगड्या भरायला जात. कुठल्या घरातली लेक कुठं दिली, कुणाची सोयरीक मोडली, हे सगळं रात्री जेवताना घरात निघे. मुलाच्या डोक्यात ते नकाशासारखं बसलं. गळा मात्र करीमभाईंनी स्वतः कमावला होता. पत्र्याच्या भोंग्यांच्या काळात वीज गेली तरी आवाज शेवटच्या पंगतीपर्यंत पोचला पाहिजे, म्हणून ते माइकपासून हातभर लांब उभे राहून पोटातून ओरडत. नवे माइक आले, भोंगे गेले, ओरडायची सवय तशीच राहिली.

त्या वर्षी ऐन लग्नसराईत त्यांना सर्दी झाली. तापातही त्यांनी तीन लग्नं उरकली. सर्दी गेली, पण आवाज बसला. तेव्हा करीमभाईंनी घरचे सगळे उपाय केले. तोंडात लवंग, गालात ज्येष्ठमध, बाम टाकून वाफ. आणि आवाज वाचवायचा म्हणून ते कुजबुजून बोलू लागले. दुकानात कुजबुज, फोनवर कुजबुज. लग्नाआधी पाहुण्यांची नावं मोठ्यानं घोकायची त्यांची जुनी पद्धत होती. तेही आता कुजबुजून चाललं. आठवडा गेला तरी घशातून फाटलेल्या पिपाणीसारखा सूर निघे. शेवटी सुरय्या त्यांना घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉ. मंदाकिनी सोहोनी मोजकं बोलत. त्यांनी घशात नळी घालून पडद्यावर चित्र दाखवलं. आवाज काढणाऱ्या दोन पांढऱ्या पट्ट्या सुजल्या होत्या आणि एकीवर लाल ठिपका होता. तिथे रक्त साकळलंय, त्या म्हणाल्या. आवाजाला विश्रांती दिली होती का?

करीमभाईंनी अभिमानानं कुजबुजून सांगितलं की आठवडाभर ते असेच बोलताहेत.

"म्हणूनच हे असं आहे. कुजबुजताना आपण घसा आवळून हवा ढकलता. त्याला गप्प बसणं म्हणत नाहीत. ते चोरून बोलणं झालं."

"पण लवंगेनं जरा..."

"परत चोरून बोललात." डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाल्या. "लवंग अन्नाच्या वाटेनं जाते. या पट्ट्या श्वासाच्या वाटेवर आहेत. लवंग तिथे पोचली, तर आपण ठसकून बेजार व्हाल."

आठवडाभर पूर्ण मौन. कुजबुजायचं नाही, खाकरायचं नाही, फोन घ्यायचा नाही. वाफ नुसत्या पाण्याची, पाणी घोटघोट दिवसभर. येत्या रविवारी मोठं लग्न आहे, असं सुरय्यानं सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या की लग्नाला खुशाल जा, जेवून या. मात्र या अवस्थेत ओरडलात, तर आवाज कायमचा घोगरा होऊ शकतो, आणि मग तो पहिल्यासारखा करून देण्याची हमी मी देणार नाही.

करीमभाईंना या गळ्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं. परतताना रिक्षात ते बाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब दुकानात आले. रविवारचं लग्न त्यांच्याच नातीचं. मांजरीला त्यांची शेती होती, आता तिथे इमारती होत्या. सुरय्या माल आणायला गेली होती. आप्पांनी स्टुलावर बसून मनातलं सांगितलं. त्यांचा चुलतभाऊ मच्छिंद्र बांधाच्या वादापासून त्यांच्या दारात आला नव्हता. आता मध्यस्थ घालून त्याला बोलावलं होतं, आणि तो यायला कबूल झाला होता.

"त्याचं नाव आमच्यातल्या कुणी घेतलं, तर म्हनंल टोमणा मारला. तू ना त्याचा ना माझा. तू घेतलंस की मिटलं. तेवढं करशील ना?"

समोरचा बोलत असताना मान हलवत ऐकायचं, हे करीमभाईंच्या अंगात मुरलेलं होतं. बोलता येत नव्हतं म्हणून त्या दिवशी त्यांनी जरा जास्तच हलवली. आप्पा खांद्यावर थाप मारून उठले, तेव्हा करीमभाईंच्या लक्षात आलं की आपण होकार दिलाय. ते कागद शोधेपर्यंत आप्पांची गाडी कोपऱ्यावरून वळली होती.

परत आल्यावर सुरय्यानं आप्पांना फोन केला. डॉक्टरांचं सगळं सांगितलं. आप्पा हसले. "अगं, त्यानं माझ्यासमोर हो म्हटलंय. चार नावं तर घ्यायची. त्याला काय हुतंय?" तिनं फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. "आयुष्यभर नको तिथं बोललात, आणि एकदा बोलायचं होतं तिथं मान डोलावली."

रविवारी ते गेले. न जाणं हे नावं न घेण्याहून वाईट दिसलं असतं. सोलापूर रस्त्यावरच्या कार्यालयात मंडप भरत आला होता आणि स्टेजवर माइक त्यांची वाट बघत होता. आप्पांनी लांबूनच हात केला. करीमभाई माइकपाशी उभे राहिले. त्यांनी गळ्याला हात लावून नकारार्थी मान हलवली, पण आप्पा तोवर व्याह्यांकडे वळले होते. पाहुणे येत होते. नावं घेतली जात नव्हती, आणि पुढच्या रांगेतली माणसं वळून वळून स्टेजकडे बघू लागली होती.

तेवढ्यात फाटकात मच्छिंद्र दिसला. पांढरा सदरा, एकटाच, चपला न काढता उंबऱ्याशी थबकलेला. कुणी पुढे होत नव्हतं. जो तो दुसऱ्याकडे बघत होता.

करीमभाईंच्या छातीत श्वास आपोआप भरला. इतक्या वर्षांत त्या श्वासामागून नाव आलं नाही असं कधी झालं नव्हतं. नाव जिभेवर तयार होतं, गावासकट, मानासकट. मच्छिंद्रनं घड्याळ बघितलं आणि एक पाऊल मागे घेतलं.

करीमभाईंनी श्वास सोडून दिला. माइक दांडीवरून काढला, तारेसकट खाली उतरले आणि बायकांच्या रांगेत बसलेल्या मुक्ताबाईंच्या, आप्पांच्या बायकोच्या, हातात ठेवला. मग फाटकाकडे बोट केलं. मुक्ताबाईंनी जन्मात माइक धरला नव्हता. त्यांनी आधी माइककडे, मग बोटाच्या दिशेनं पाहिलं.

"अगं बाई, मच्छिंद्र भावजी," त्यांच्या तोंडून निघालं आणि ते सगळ्या मंडपभर गेलं. स्वतःच्याच आवाजानं त्या दचकल्या, पण थांबल्या नाहीत. "भावजी, असं परक्यावानी भाईर का उभं? या की पुढं. तुमच्या मांडीवर खेळलेली पोरगी हाय ती."

कुणीतरी हसलं. तोवर करीमभाई फाटकाशी पोचले होते. त्यांनी मच्छिंद्रचा हात धरला आणि त्याला पहिल्या रांगेत, आप्पांच्या शेजारच्या खुर्चीवर आणून बसवलं. दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत, पण थोड्या वेळानं आप्पांनी पानाचं तबक त्याच्याकडे सरकवलं, आणि त्यानं पान उचललं.

उरलेल्या पाहुण्यांची नावं मुक्ताबाईंनीच घेतली. करीमभाई शेजारी उभं राहून पाहुणा दाखवत, त्या हाक मारत. पदव्या गेल्या, आजी-माजी गेलं. मामा, आत्या, तात्या एवढंच उरलं. एका माजी सभापतींना 'बाळ्या' अशी हाक गेली. त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण ते जेवूनच गेले. करीमभाई हे सगळं ऐकत होते. आपल्यावाचून मांडव हलतो, हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं, आणि ते फारसं सुखाचं नव्हतं. जेवताना त्यांनी जिलबी तशीच ठेवली.

आठवडा भरल्यावर डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. सूज उतरली होती. ठिपका होता, पण फिका. यापुढे माइक ओठांजवळ धरायचा, ओरडायचं नाही आणि तापात काम घ्यायचं नाही, असं त्यांनी बजावलं. मग म्हणाल्या, "आता आवाज काढा. हळू. नाव सांगा."

हजारो माणसांची नावं घेतलेल्या माणसानं सुरय्याकडे पाहिलं.

"कुणाचं?" पहिला शब्द खरखरत, पण सबंध आला.

"आपलं स्वतःचं, करीमभाई."

"करीम शमशुद्दीन मणियार." शेवटाला सूर किंचित फाटला.

"पुरे," डॉक्टर म्हणाल्या. "आता घरी जाईपर्यंत गप्प बसा."