कोटाच्या खिशातली क्षमा

सकाळी सहाला नगरहून एसटीत बसलो तेव्हा अंगात माझा काळा कोट होता. घाटावर तो शोभतो. मार्चमध्ये बोरघाट उतरलो आणि तो ओल्या पोत्यासारखा पाठीला चिकटला. तरी काढला नाही, कारण आतल्या खिशात पत्र होतं.

पत्र आमच्या मंडळीच्या पंचांचं (चर्चचा कारभार पाहणाऱ्यांचं). त्यांतला एक मीही. माझी भाची एस्तेर, आई गेल्यावर आमच्याच घरी वाढलेली. अकरा वर्षांपूर्वी तिनं पनवेलजवळच्या नेऱ्यातल्या आगरी मुलाशी लग्न केलं. मुलगा हिंदू. मंडळीतून तिचं नाव काढायचं ठरलं, तेव्हा पहिला हात माझा वर गेला. दर नाताळला तिचा फोन येई. बायको बोले, मी पेपरात तोंड खुपसून बसे. गेल्या नाताळात फोन आला तेव्हा बायको घरी नव्हती. फोन वाजत राहिला, मी हात पुढे केला आणि मागे घेतला. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. मग पंचांच्या मागे लागून हे पत्र मिळवलं: एस्तेरनं मंडळीपुढे उभं राहून क्षमा मागितली, तर तिला परत घेऊ. येतोय, एवढं एस्तेरला चिठ्ठीनं कळवलं. मी स्वतःला फार मोठ्या मनाचा समजत होतो.

पनवेलच्या स्टँडबाहेर सहा आसनी रिक्षात आम्ही नऊ जण कोंबले गेलो. माझा एक पाय बाहेरच होता. टॉवर मागे पडले, फार्महाउसच्या भिंती लागल्या, आणि समोर प्रबळगड दिसू लागला. शेजारच्या बाईंनी भाजीची पाटी मांडीवर सावरत विचारलं, "कोनाचं पाव्हनं?"

"एस्तेरचा मामा."

"म्हंजे उपासवाल्यांचं!" रिक्षाभर हसू पिकलं. मला काहीच उलगडा झाला नाही.

एस्तेरच्या अंगणात पाऊल टाकलं आणि माशाच्या कालवणाचा वास आला. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आम्ही मासमच्छी सोडतो. माझा हा उपास उभ्या जन्मात मोडलेला नव्हता, आणि हे कोणी न विचारताही मी सांगत असे. मनात म्हटलं, झालं! पोरीनं सगळंच सोडलं. हात आपोआप पत्राकडे गेला. तेवढ्यात आमच्या ख्रिस्ती रीतीनं "सलाम, मामा!" म्हणत एस्तेर धावत आली आणि घामेजल्या कोटासकट मला बिलगली.

पानं वाढली. माझ्या ताटात जिताड्याचं (खाडीतला नावाजलेला मासा) कालवण, दोन तळलेल्या तुकड्या, तांदळाची भाकरी. बाकी सगळ्यांच्या ताटात वालाचं बिरडं.

"तुम्ही नाही घेत?" मी विचारलं.

"आमचा उपास हाय ना," एस्तेरच्या सासूबाई, हिराबाई, म्हणाल्या. "सूनबाईचा चालू झाला का घरान मासली बंद. अकरा वर्सं झाली. आमचा सावन ती पालते, तिचा उपास आमी पालतो."

"मग हे?"

एस्तेर ओशाळली. "मी सांगितलं, मामा उपास मोडत नाहीत. आई ऐकतात कुठे!"

"उपास आपला, पाव्हन्याचा नाय," हिराबाईंनी निकाल दिला. "मानूस एवऱ्या लांबशी पयल्यांदा आला, नि त्याला वाल वाढू? तो कोट काडा आदी, उकडतंय."

माशाशिवाय घास न उतरणारं आगरी घर! मी जिचं नाव खोडलं, तिच्यासाठी ही माणसं वर्षाचे चाळीस दिवस वालावर काढत होती. आणि मी दारातूनच न्यायनिवाडा करून आत आलो होतो. डोळ्यांत पाणी आलं, ते मी घामावर ढकललं. कोट काढून खुंटीला अडकवला आणि जन्माचा उपास पहिल्या घासाला मोडला. खोटं कशाला बोलू, कालवण पुन्हा मागून घेतलं.

जेवणं झाल्यावर एस्तेरनं विचारलं, "मामा, काही काम काढून आलात का?"

खुंटीवरच्या कोटाकडे मी पाहिलंसुद्धा नाही. "माफी मागायला आलो. तुझं नाव काढायला पहिला हात माझा होता, पोरी."

"माहीत आहे. मामीनं पहिल्याच नाताळात सांगितलं होतं."

"तरी फोन करत राहिलीस?"

"तुम्ही शेजारीच असायचात ना," ती म्हणाली. "पेपराचा आवाज ऐकू यायचा."

हिराबाईंनी गुपचूप पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

परतीच्या एसटीत घाट चढताना पत्र काढलं. घामानं त्याचा लगदा व्हायचाच बाकी होता. उरलेलं काम मी केलं. रविवारी चर्चमध्ये पाळकांनी विचारलं, "एस्तेर येणार का क्षमा मागायला?" मी उठलो आणि जिथं तिनं उभं राहायचं होतं, तिथं जाऊन उभा राहिलो. म्हटलं, क्षमा मला मागायची आहे, तिची आणि तुमचीही; तिचं नाव पुन्हा लिहा, काही न मागता. मग जिताड्याचंही कबूल केलं, तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकली.

येत्या नाताळला मी फोनची वाट पाहणार नाही, मीच लावीन. पेपर मात्र मांडीवर ठेवीन. तिनं अकरा वर्षं त्याच आवाजावर काढली आहेत.