हात खिशात

कोणत्याही वस्तूला हात लावण्यापूर्वी तीन वेळा विचार करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे हिचे सख्खे मामा. एकतीस वर्षं त्यांनी पोलीस खात्यात घटनास्थळावरचे ठसे नि पुरावे गोळा करण्याचं काम केलं. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. दुकानात, लग्नात, दवाखान्यात, कुठेही गेले की मामांचे दोन्ही हात आधी पँटच्या खिशात जातात. "घटनास्थळी माणसाचं पहिलं काम म्हणजे हात खिशात," असं ते म्हणतात. "डोळ्यांनी पाहा, नाकानं वास घ्या. हाताचं काम सगळ्यात शेवटी." यासाठी त्यांचा शिंपी खिसे दीड इंच जास्त खोल शिवतो, मी टेपने मोजून पाहिलं आहे. एकदा काटोलला एका लग्नात यजमानांनी त्यांच्या हाती अक्षता द्यायला मूठ पुढे केली, तर मामा म्हणाले, "तुम्ही टाका, मी पाहून राहिलो."

त्यांचा दुसरा नियम कागदाचा. संत्री असोत की पालक, मामा काहीही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू देत नाहीत. ओल्या वस्तूला प्लास्टिकमध्ये घाम फुटतो, बुरशी चढते आणि कोर्टात नेईपर्यंत पुराव्याचा चिखल होतो. म्हणून आधी सावलीत वाळवायचं, मग कागदात बांधायचं. आमच्या बेसा वस्तीतल्या घरी त्यांनी एकदा माझा पावसात भिजलेला सदरा तारेवरून उतरवून, नीट वाळवून, खाकी लिफाफ्यात बंद करून मला परत दिला होता. वर चिठ्ठी होती: निळा सदरा, एक नग, दुसरं बटण नाही.

चिठ्ठीशिवाय त्यांच्याकडून काही येतच नाही. मागे मामींनी सांबारवडी, म्हणजे कोथिंबीर भरलेल्या वड्या, पाठवल्या, तेव्हा डब्यावर लिहिलं होतं: नग चोवीस, बंद करणार अमुक, नेणार तमुक, घेणार जावई. डबा आणणाऱ्या भाच्यासमोर मी घाईत सही केली आणि नंतर मोजल्या, तर तेवीस. आकड्यांच्या बाबतीत मी स्वतःला काटेकोर समजतो, म्हणून लगेच फोन लावला. मामा शांतपणे म्हणाले, "मोजून सही केली की सही करून मोजलं?"

"सही करून मोजलं."

"मग चोविसावी वडी तुम्हीच खाल्ली, जावईबापू. कागद तसंच म्हणते."

त्या दिवशी मला राग आला होता. कागदाची किंमत मला सहा वर्षांपूर्वी कळली, हिची सोन्याची पोत हरवली तेव्हा. केसांना तेल लावायला हिने ती आरशासमोर काढून ठेवली, न्हाऊन आली, तर पोत नाही. घरात आम्ही दोघं आणि सुनंदाबाई. सुनंदाबाई तेव्हा नऊ वर्षांपासून आमच्याकडे धुणीभांडी, झाडझूड करत होत्या. ही तोंडाने काही बोलली नाही, पण त्यांच्या हातचा चहा तिने तसाच ठेवला. शेजारच्या काकूंनी मात्र त्यांच्या देखतच सुनावलं, "काहून विचार करून राहिली वं? उद्यापासून येऊ नको म्हणावं." सुनंदाबाई ओट्याशी उभ्या होत्या. आमच्या घरून अशा निघाल्या असत्या, तर गल्लीतल्या त्यांच्या कामाच्या उरलेल्या चार घरांची दारंही त्यांना बंद झाली असती, हे आम्हा सर्वांना माहीत होतं.

मी मामांना फोन केला. ते तासाभरात आले, दारातच थांबले, हात खिशात. तोवर मी खोली दोनदा झाडली होती, गादी उलटवली होती, कपाट सरकवलं होतं. मामांनी उंबऱ्यावरून सगळं पाहिलं आणि म्हणाले, "शाबास. चोरानं ठेवला असल नसल तेवढा पुरावा तुम्ही साफ केला."

तरीही त्यांनी रीत सोडली नाही. आधी दारातून अख्ख्या खोलीचा फोटो, मग एकेका कोपऱ्याचा, मग आरशाजवळचा, शेजारी पट्टी ठेवून. टेपचं एक टोक त्यांनी स्वतः धरलं आणि दुसरं सुनंदाबाईंच्या हाती दिलं. खोली अकरा फूट चार इंच बाय दहा फूट दोन इंच भरली. नकाशा काढला, दीड पान पंचनामा लिहिला आणि खाली पंच म्हणून दोन नावं घातली: एक काकूंचं, दुसरं सुनंदाबाईंचं.

"मामा, अहो तिच्यावरच तर..." ही म्हणाली.

"तर काय? बोल न वं, पुढं बोल."

काकूंनी न वाचताच सही केली. सुनंदाबाईंनी मात्र दीड पान सावकाश वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "मामाजी, खिडकी बंद होती असं लिवलं तुमी. ते चूक हाये. खिडकी उघडी होती, मंग म्याच लावली."

मामांचा चेहरा उजळला. "हा असा पंच पाह्यजे!" त्यांनी ओळ खोडली, शेजारी आपली सही केली, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "संशयिताले पंच करता येत नाही. एकतीस वर्षांत मी एकदाही केलं नाही. हिले पंच केलं, म्हणजे ही संशयित नाही. कागदावर आलं, विषय संपला."

जाताना फाटकापाशी मी हळूच विचारलं, "पण मग नेली कोणी?"

"मले माहीत नाही," मामा म्हणाले. "तुम्हालेही माहीत नाही. माहीत नसताना कोणाची भाकर तोडायची नसते."

पोत आजतागायत सापडली नाही. सुनंदाबाई आजही येतात. ही त्यांच्या हातचा चहा दुसऱ्या दिवसापासून पुन्हा प्यायला लागली, पण पहिले काही महिने त्यांच्या डोळ्याला डोळा देत नव्हती.

मामा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. त्यांचे हात अलीकडे कापतात, त्यामुळे खिशातून निघतच नाहीत. मागच्या महिन्यात आले होते. हिने खास ठेवणीतल्या कपात चहा दिला. तो त्यांनी उचलला, आणि ही, मी आणि सुनंदाबाई असे तिघंही पाहत असताना तो हातातून सुटला. सहा कपांच्या संचातला एक फुटला. मामा खाली मान घालून तुकड्यांकडे बघत राहिले.

सुनंदाबाई झाडू घेऊन आल्या.

"थांब वं," मामा कसंनुसं हसत म्हणाले. "पंचनामा कर आधी. आरोपी हजर आहे."

"मी पंच हावो ना, मामाजी?" सुनंदाबाई तुकडे गोळा करत म्हणाल्या. "म्या तं काहीच पाह्यलं नाही."

मामांनी दोन्ही हात सावकाश खिशात घातले. मग मीही माझे घातले.