न वाचलेल्या दोन ओळी

निजामाचं राज्य गेलं त्या भादव्यात, परभणीला स्टेशनाजवळच्या कापसाच्या बंद जिनिंग कारखान्यात खेड्यापाड्यांतून पळून आलेली मुसलमान बायालेकरं उतरली होती. आदल्या वर्षी पळायची पाळी आमच्या लोकांवर होती, आता त्यांच्यावर आली. गावातल्या काही भल्या माणसांनी घरोघर सांगितलं, भाकरी द्या, आणि जमलं तर एखादं बाईमाणूस द्या. आमचं किराणा दुकान. सासऱ्यांनी पीठ काढून दिलं. माणूस कोण द्यायचं, यावर सासूबाई म्हणाल्या, "धाकलीला धाडा. तिच्या मागं कुठं लेकरं हायत?" म्हणून मी गेले. पुढं लोक म्हणाले की मी आपण होऊन सेवेला गेले. ते खरं नाही.

सुरुवातीला मी भाकरी वरून सोडायची, कुणाच्या हाताला हात लागू द्यायची नाही. घरी येऊन अंघोळ, मगच लिंगपूजा. तिथं झरीकडच्या खेड्यातली एक पिंजारीण होती. नवरा आधीच तापानं वारलेला. तिला सगळ्या भाबी म्हणत. जिनिंगमध्ये कोपऱ्याकोपऱ्यात राहिलेला कापूस वेचून ती बोटांनी मोकळा करत बसायची, लेकरांच्या उशाला. एकदा ती म्हणाली, "आक्का, तुमी आमच्याशी बोलायलाव का टोपलीशी?" सगळ्या हसल्या. मीही हसले. सासरी येऊन सात वर्षं झाली होती, पण बाहेरच्या बाईबरोबर असं हसल्याचं मला आठवत नव्हतं.

माझं माहेर वऱ्हाडातलं. तिथं मी चौथीपर्यंत शिकले. इकडं शाळा उर्दूतून, त्यातही मुली नाहीतच, त्यामुळे मराठी वाचणारी बाई म्हणजे नवल. सासरी त्या वाचण्याचा कुणाला उपयोग नव्हता. जिनिंगमध्ये मात्र गावाकडच्या चिठ्ठ्या यायच्या, कुलकर्ण्यानं नाहीतर मास्तरानं मराठीत लिहिलेल्या. त्या मी वाचू लागले. मी तोंड उघडलं की रडणारी लेकरंसुद्धा आया गप्प करायच्या. मला त्याची चटक लागली. मी घरून लवकर निघू लागले, धुवट लुगडं नेसून. भाबी तिच्याजवळ माझ्यापुरती जागा झाडून ठेवायची.

आश्विनात भाबीच्या गावच्या पाटलाची चिठ्ठी आली. बाजाराला आलेल्या गाडीवानानं ती आणून दिली. घर शाबूत आहे. शेळी आमच्या गोठ्यात आहे. इथवर मी मोठ्यानं वाचलं. पुढं दोन ओळी होत्या. चित्रा नक्षत्र सरायच्या आत ये, ज्वारी पेरायला बैल देतो. नाही आलीस तर बटईचं शेत दुसऱ्याला लावावं लागेल.

"फुडं काय लिवलंय?" भाबीनं विचारलं.

"अजून थोडं थांब म्हणतात. निवळू दे म्हणतात," मी तिच्यापुरतंच हळू म्हणाले.

पाटलाचं ते शेत ती अर्ध्या वाट्यानं कसायची, त्यावर तिचं वर्षाचं पोट होतं, हे मला कळत होतं. नंतर मी मनाला सांगितलं की वाटेत धोका आहे. धोका होताही. पण ते बोलताना माझ्या डोळ्यापुढं धोका नव्हता. तिच्याशेजारची जागा होती. ती गेली की तिथं मला कोण बसवून घेणार? रोज घरून निघताना ठरवायची, आज सांगू. आणि जाऊन तिच्याजवळ बसायची.

चित्रा सरल्यावर पाटील स्वतःच गाडी घेऊन आला. दारातूनच म्हणाला, "काय गं, पाय निघंना का तुझा? चित्रा सरायच्या आत ये, बैल देतो, म्हणून लिवलं हुतं की! वाट बघून बघून शेत लावलं दुसऱ्याला."

भाबीची बोटं कापसात थांबली. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग पाटलाला म्हणाली, "माझाच जीव धजला न्हाई, मालक."

"म्हंजे आमच्यावर भरोसा न्हाई! तुझ्या नवऱ्यानं आमच्या घरच्या समद्या गाद्या भरल्या, अन् तुला आमचंच भ्या वाटायलंय?"

"चुकलं, मालक."

शेत गेलं होतं, आता पाटलाची मर्जीही गेली. मी एक वाक्य बोलले असते तर निदान तेवढं तरी वाचलं असतं. मी लाजरी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी मी मुद्दाम लाजरी झाले. पदर पुढं ओढला आणि टोपलीत बघत राहिले.

मजुरीला जाईन, पण आपल्या गावातच राहीन, असं म्हणून तिनं बोचकं बांधलं. गाडीत बसायच्या आधी माझ्याजवळ आली. आवाज चढवला नाही. "आक्का, दुसऱ्या कुणाची चिठ्ठी आली, तर समदी वाचा." एवढंच.

गाडी गेल्यावर थोड्या वेळानं एका म्हातारीनं तिला आलेलं कार्ड माझ्यापुढं धरलं. म्हणजे भाबीनं कुणाजवळही तोंड उघडलं नव्हतं. मी ते कार्ड पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. सगळ्या गप्प बसून माझ्या तोंडाकडं बघत होत्या, आणि ते मला त्या दिवशीही आवडलं.