खिडकीत भरून ठेवलेला पाइप

मुंबईच्या विमानतळाबाहेर बाबांऐवजी काका उभा दिसला. मी अमेरिकेहून सुट्टीवर यायची म्हटलं की बाबा पुण्याहून गाडी करून न्यायला येत आणि विमान उतरायच्या कितीतरी आधी कठड्याला टेकून उभे असत. काकाने माझी बॅग घेतली. "दादाला बरं नाहीये," एवढंच म्हणाला आणि लोणावळा मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. मीही एक प्रश्न विचारला नाही. विचारलं असतं तर त्याने उत्तर दिलं असतं... शेवटी तोच म्हणाला, "काल दुपारी गेला गं. हार्ट अटॅक. तू विमानात होतीस." घरी शिरले तेव्हा, खरं सांगते, माझी नजर आधी बाबांकडे गेली नाही. ती खिडकीकडे गेली. त्यांचा पाइप तिथे होता, तंबाखू भरलेला. शेजारी काडेपेटी.

त्या पाइपाची भीती माझ्या लहानपणापासूनची. आम्ही खडकीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, गोळ्यांमध्ये दारू भरायचं काम. फाटकावर रोज झडती व्हायची. खिशात काडेपेटी सापडली तर नोकरीवरच गदा. म्हणून बाबा सकाळी निघताना पाइप भरत, अंगठ्याने तंबाखू दाबत आणि तो खिडकीत ठेवून जात. संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, की पेटवत. पाइप दिसायला यथातथाच. जुन्या बाजारातून आणलेला, काठाचा टवका उडालेला, तोंडाशी आधीच्या मालकाच्या दातांच्या खुणा. आत्याला त्याची किळस यायची. "दादा, पंचशील म्हणतोस आणि वर हा धूर काढतोस?" असं ती म्हणाली की बाबा शांतपणे म्हणत, "पंचशिलात दारू आहे, तंबाखू नाही. वंदनेच्या वेळी जांभया कमी दिल्यास तर ऐकू येईल." ओळखीचे एक निवृत्त मेजर होते, ते पाइपांचे शौकीन. त्यांनी एकदा तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "अहो, यात जपण्यासारखं आहे तरी काय?" बाबा म्हणाले, "साहेब, मी दिवसभर जे भरतो ते पेटू नये म्हणून जीव मुठीत धरून बसतो. भरलेलं असून मला बिनधास्त पेटवता येतं असं हे एकच आहे. मला तरी याहून सुंदर वस्तू माहीत नाही." मेजरसाहेबांनी पाइप दोन्ही हातांनी जागेवर ठेवला.

मला मात्र त्यात काही सुंदर दिसत नसे. शाळेतून आले की मी आधी खिडकी बघायची. भरलेला पाइप म्हणजे बाबा अजून तिकडे, आत. एका दुपारी प्रचंड मोठा आवाज झाला. खिडकीची तावदानं थरथरली. आजूबाजूच्या बायका हातातलं टाकून फाटकाकडे पळाल्या. आई गेली नाही. ती खिडकीपाशी पाइपाकडे बघत उभी राहिली, बोटांना लागलेली कणीक वाळून पांढरी होईपर्यंत. मी रडायला लागले तशी म्हणाली, "रडू नकोस. भरून ठेवलाय ना त्यांनी? मग येतील." कोपऱ्यावरचा ट्रान्स्फॉर्मर उडाला होता, कारखान्यात काहीसुद्धा झालं नव्हतं, हे थोड्याच वेळात कळलं. तरी बाबा दारात दिसेपर्यंत आई बसली नाही. ते नेहमीच्या वेळी आले, आमचे चेहरे पाहिले, "काय, दिवे गेलेत वाटतं?" म्हणाले आणि पाइप पेटवायला बसले. काडी पेटे आणि त्यांच्या हातातच विझे. पुन्हा पुन्हा. बाबांनाही भीती वाटते हे मला त्या संध्याकाळी कळलं, आणि माझा उरलासुरला धीर गेला.

पुढे बाबा निवृत्त झाले, आम्ही दापोडीला फ्लॅट घेतला, मी इंजिनिअर होऊन हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत लागले. वाटलं, सुटलो एकदाचे. पण माझी कंपनीची बस गेली की बाबा पाइप भरून खिडकीत ठेवू लागले, आणि मी घरी आल्याशिवाय पेटवेनात. मी चिडायची. "मला काय होणार आहे, बाबा? कॉम्प्युटर फुटतो का?" ते म्हणायचे, "आमच्याकडे धोका कुठे आहे त्याची पाटी असायची. तुमच्याकडे पाट्याच नाहीत." मंदीत आमच्याकडची माणसं एकेक करून मीटिंग रूममध्ये बोलावली जात आणि बाहेर येऊन मुकाट्याने आपापलं टेबल आवरत, तेव्हा मला हे वाक्य आठवायचं. नंतर कंपनीने मला अमेरिकेला पाठवलं. पोचल्याचा फोन आल्यावरच बाबांनी पाइप पेटवला, असं आईने सांगितलं.

आणि या खेपेला मी पोचले, तर पेटवणाराच नव्हता.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेल्या कुणीतरी पाइप कपाटात ठेवून द्या म्हणून सुचवलं. पण आई रोज फडकं मारताना पाइपाच्या कडेकडेने पुसत राहिली. मलाही हात लावायचा धीर होत नव्हता. पेटवला तर बाबांच्या अंगठ्याने दाबलेली तंबाखू जळून जाणार, तसाच ठेवला तर मी अजून घरी पोचलेच नाही... माझी रजा संपली. निघायच्या दिवशी बॅगा दारात होत्या आणि आईने एकदम पाइप उचलला. तिने फुंकर मारून वरची धूळ उडवली, अंगठ्याने तंबाखू दाबली, अगदी बाबांसारखी, आणि पाइप परत खिडकीत ठेवला. "पोचलीस की फोन कर," म्हणाली.

इथे पोचल्यावर मी फोन केला. "पोचले गं आई." पलीकडून काडी ओढल्याचा आवाज आला, एकदा, पुन्हा एकदा, आणि मग आईला लागलेला ठसका. पुढच्या खेपेला भरायला बाबांच्या डब्यात आणखी तंबाखू आहे का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.